खोटंच बाहेर बसले

धाकटी लेक झाली तवा मी मरता मरता वाचले. रगत थांबंना. गाडीत घालून औंढ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईनं नवऱ्याला बजावलं, "पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागायची न्हाई." त्यानं मान हलवली. वरीस सरायच्या आत दिवस गेलेच.

कोणाला बोलले न्हाई. पाळीचे दिवस आले तशी कावळा शिवला म्हणून खोटंच पडवीत जाऊन बसले. सासू लांबून भाकर सरकवायची. पण बाहेर बसलेल्या बाईचं फडकं कुठं तरी काट्याच्या कुपाटीवर वाळत असतं. माझं कुठंच नव्हतं. ते माझ्या ध्यानात आलं न्हाई, सासूच्या आलं.

"फडकी काहून दिसनात गं?"

मी पोटावर पदर ओढला.

"पोटुशी हाईस. आन् नर्सकडं पळायचं करून राहिली व्हय?"

तवापासून पाण्याला निघाले की ती मागं. परसाकडं निघाले तरी मागं. शेताला गेली की दाराला भायेरून कडी. पोट वाढून राहिलं व्हतं.

मग नर्सबाई लेकरांना देवी टोचायला गावात आली. तिला पाहून सासूनं भायेरून कडी घातली आन् दारातच म्हणली, "सून माहेरला गेली."

मी आतून वरडले, "घरातच हाय, बाई!"

नर्सबाईनं कडी काढली. सारं ऐकून म्हणली, "आता कायदा झालाय. तुझी मर्जी असली, डॉक्टरला पटलं, की बस."

सासू हसली. "मर्जी! उद्या म्हशीलाबी मर्जी इचारा. आन् पोटातल्याची कोण इचारणार गं?"

तो सवाल तवाबी टोचला. आजबी टोचतो. पण माझी चौघं लेकरं चुलीम्होरं बसलेली दिसत व्हती.

नवरा अंगणात उभा. सासू म्हणली, "आडव की तिला!" त्यानं आडवलंबी न्हाई, गाडीबी जुंपली न्हाई. मी पायीच निघाले. दवाखान्यात डॉक्टरनं नवरा कुठं हाय ते न्हाई इचारलं, मलाच इचारलं. मी व्हय म्हणले.

घरी आले तर माझी चूल येगळी मांडलेली. सासूनं पुढं माझ्या हातचं पाणीबी घेतलं न्हाई. नात आता म्हणते, "आज्जे, तो तुझा हक्कच व्हता." आसंल. मला तवा येवढंच ठाव व्हतं, मी मेले तर धाकटीला कोण पाजणार.

सासू मरायला टेकली तवा एकदाच बोलली, "काय व्हतं गं ते? पोरगं का पोरगी?"

"म्या पाहिलं न्हाई, आत्याबाई."

तिनं भिंतीकडं तोंड केलं.