मागच्या गर्दीतला माणूस

आमच्या वजीर मुल्लाला जेवायला बोलवायची सोय नाही. पानावर बसला की आधी भातातला खडा शोधणार. त्याचा तरी काय दोष म्हणा! माधवनगरच्या एका मिलमध्ये तीस वर्षं कापड तपासायचं काम केलं. तागा टेबलावरनं सरकत जायचा आणि तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की हा खडूनं खूण करायचा. मिल बंद पडली, नजर काही बंद पडली नाही.

मग त्याला जुन्या सिनेमाचं वेड लागलं. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एकाच्या अडगळीत त्याला एका मराठी चित्रपटाची रिळं सापडली. सत्तर साली कवठे महांकाळजवळच्या गावात शूटिंग झालेला. दुसरी प्रत कुठंच नाही. वजीरनं शिलाई मशीनची मोटर लावून रीळ फिरवायचं यंत्र केलं, एकेक फ्रेम कॅमेऱ्यात उतरवली आणि मुलीकडून, सबीनाकडून, कॉम्प्युटर शिकून ओरखडे पुसत बसला. कुणी सांगितलं नव्हतं, चार वर्षं गेली. मी एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर, रिकामटेकडा. रोज सकाळी त्याच्याकडं चहाला जायचो आणि न विचारता मत द्यायचो.

त्यात जत्रेचा एक प्रसंग आहे. भाऊ मेल्याची बातमी येते आणि हिरो गुडघ्यावर बसून ढसाढसा रडतो. मागं गर्दीत पटकेवाला एक तरणा गडी मात्र थेट कॅमेऱ्याकडं बघून दात काढतोय! वजीर म्हणत होता, आपण घाण पुसावी, डायरेक्टरच्या चित्राला हात लावू नये. मीच चढवला त्याला. मिलमध्ये असला तागा पास केला असतास का, म्हणून डिवचलं. ते वर्मी लागलं. दोन महिने खपून त्यानं कॉम्प्युटरवर शेजारची माणसं ओढून त्या गड्याला झाकलं. प्रसंग असा उतरला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पहिला खेळ त्याच गावात ठेवला, शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना चादरी लावून. लोकांनी आपापली माणसं ओळखली, टाळ्या पिटल्या. सगळे उठून गेले तरी अंबूबाई नावाची एक म्हातारी जागची हलेना.

"जत्रंत आमचं मालक हुतं," ती म्हणाली. "मागं हुबं ऱ्हाऊन हसत्यात. कुटं गेलं?"

वजीरनं खाली मान घालून खरं ते सांगितलं. मावशी, ते कॅमेऱ्याकडं बघत होते, म्हणून मी काढले.

"कॅमेऱ्याकडं न्हाई, बाबा. कॅमेऱ्याच्या बाजूला मी हुबी हुते."

मग तिनं सगळं सांगितलं. लग्नाला तीन महिने झाले होते. नवरा, ज्योतिबा, पलटणीतनं सुट्टीवर आलेला. घरात वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोनं एकमेकांकडं बघायची रीत नव्हती. त्या दिवशी सगळा गाव हिरोकडं बघत होता, तेवढ्यात तो तिच्याकडं बघून हसला. पुढच्या वर्षी लढाईत गेला. नंतर गावच्या जत्रेत तंबूत हा सिनेमा लागला तेव्हा तिनं एकदा बघितला होता. त्यालाही पन्नास वर्षं झाली.

मूळ चित्र वजीरच्या लॅपटॉपमध्ये होतं. ते त्यानं ओरखड्यांसकट लावलं. ज्योतिबा हसला. तिला नीट बघता यावं म्हणून वजीरनं चित्र तिथंच थांबवलं.

"थांबवू नगंस," ती म्हणाली. "थांबलेला फोटू हाय माज्या घरात. त्यात हसत न्हाईत."

वजीर तो तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिला. ती पदर तोंडाशी धरून बघत होती. मला तिथं उभं राहवेना, मी चादरी सोडायला लागलो.

परतताना गाडीत वजीर म्हणाला, दोन महिन्यांचं काम पुसून टाकणार. मी वाद घातल्याशिवाय गप्प बसतोय होय? तिला वेगळी प्रत दे म्हटलं, लोकांसाठी हीच राहू दे, एवढ्या चांगल्या प्रसंगाची माती कशाला करतोस?

"हिरोला रडायचं पैसं मिळालं हुतं, भाऊसो," वजीर म्हणाला. "त्यो फुकट हसलाय."

आता ज्योतिबा परत जागेवर आहे. खरं सांगतो, प्रसंग बिघडलाच. हिरो रडायला लागला की मी मागंच बघत बसतो.