आडवं सरकणारं पान

आपा कुठलंही वेब पान डोळ्यांनी बघायच्या आधी अंगठ्याने बघायच्या. खणातून कोपरा फुटलेला एक जुना, छोटा मोबाइल काढायचा, त्यावर आमचं पान उघडायचं आणि अंगठ्याने बाजूला ओढायचं. केसभर सरकलं, की मोबाइल परत खणात. "आडं सरकी ऱ्हायनं. जाय, नीट कर." रंग, चित्रं, कशाचंच कौतुक नाही. तेव्हा भारी राग यायचा.

तळोद्याला एका शिक्षणसंस्थेत त्या आम्हाला संगणक शिकवत. त्यांचे वडील नंदुरबारला पत्र्याच्या पेट्या करायचे. झाकण न लागणाऱ्या पेटीचा त्यांना जेवढा संताप, तेवढा आपांना पडद्याबाहेर गेलेल्या मजकुराचा.

दोष सापडेना, की त्या पानातल्या प्रत्येक चौकटीला लाल किनार द्यायला लावायच्या. मग चोर दिसायचा. कुठे ठोकून दिलेली रुंदी, कुठे न मोडणारा लांबलचक पत्ता, कुठे आठ रकान्यांचा तक्ता. चित्राला रुंदीचा आकडा द्यायचा नाही, जागा असेल तेवढंच हो म्हणून सांगायचं, हा त्यांचा हुकूम. मी डोंगरातली, घरी पावरी बोलणारी. माझ्या बोलण्याला हसणारे वर्गात पुष्कळ होते. आपा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुन्हा गावमा असाच मोबाइल शेतस ना? मंग त्यासनासाठे लिख."

मग संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज वेबसाइटवरून घ्यायचं ठरलं. पान आपांनी केलं, मी हाताखाली होते. माझी धाकटी बहीण रिना त्याच वर्षी दहावी झालेली. वसतिगृहात जागा मिळाली तर अकरावी, नाही तर आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला, हे घरात ठरलेलं होतं.

अध्यक्ष पान बघायला आले. संगणकावर ते पाहून खूश झाले, पण मोबाइलवर स्वतःचा फोटो आक्रसलेला बघून तोंड उतरलं. चौकातल्या बॅनरवर मी केवढा असतो, म्हणाले, इथेही तेवढाच दिसला पाहिजे.

"साहेब, तुम्ही तेवढे मोठे झालात, तर अर्ज पाठवायचं बटण पडद्याबाहेर जाईल," आपा म्हणाल्या.

ऐकतात कशाला! आपांनी हात लावायला नकार दिला, तेव्हा काम अध्यक्षांच्या भाच्याकडे गेलं. त्याने मामाचा फोटो चांगला ऐसपैस लावला. पान आडवं सरकतं अशी तक्रार आली, तर या महाभागाने सरकणंच बंद करून टाकलं. फोटो मोठा, बटण पडद्याच्या पलीकडे, आणि तिकडे जायची वाटही बंद!

रिनाने गावातल्या मोबाइलवर सगळं भरलं. बटण दिसेना. तिला वाटलं, भरलं म्हणजे गेलं. प्रवेशाची यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं, आमच्या बाजूच्या कुठल्याच मुलीचं नव्हतं. डोंगरातल्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं अध्यक्ष एका सत्कारात बोलले. टाळ्याही पडल्या. लाज कशी वाटत नाही माणसांना.

आपा तो फुटका मोबाइल घेऊन अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या, टेबलावर ठेवला. "यावर अर्ज पाठवून दाखवा." अध्यक्षांनी त्याला बोटही लावलं नाही. जागा भरल्या, म्हणाले. आपांनी त्याच दिवशी नोकरी सोडली. जाताना मोबाइल माझ्या हातात दिला. "हाऊ तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. रिना आईबरोबर ट्रकमध्ये बसून गेली, तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही.

हिवाळ्यात आपा गेल्या. रिना तेव्हा उसाच्या फडात होती. संस्थेने वेबसाइटवर श्रद्धांजली वाहिली. मी ती आपांच्याच मोबाइलवर उघडली. पडदाभर अध्यक्ष, हात जोडलेले, चेहरा दुःखी. आपांचा फोटो त्यांच्या उजव्या बाजूला लावला होता म्हणे.

मी अंगठ्याने पान ओढून बघितलं. केसभरही सरकलं नाही.