चाळीस मिनिटांच्या पाठासाठी नेसरीला

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. त्यामुळे हे मी वहीत लिहिलंय आणि नातीनं कॉम्प्युटरवर चढवलंय. तिला सांगितलंय, शुद्धलेखन तुझं, बाकी माझं. परदेशी पाहुण्यांना घेऊन खेड्यात जायचं कुणाच्या मनात असेल तर त्यानं हे वाचावं. निदान माझी चूक तरी करू नये.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. सून वैशाली जवळच्याच एका शाळेत शिकवायची. सात वर्षं शिकवत होती, तरी कागदावर 'तात्पुरती'. त्या वर्षी इथल्या विद्यापीठानं आणि हॉलंडच्या एका विद्यापीठानं मिळून शिक्षकांसाठी एक कोर्स काढला. पहिली तुकडी चाचणीची. जमलं तर पुढं चालवायचा, नाहीतर गुंडाळायचा. इकडची एक बाई आणि तिकडची एक अशा जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीनं खेड्यातल्या शाळेत चाळीस मिनिटांचा एक पाठ घ्यायचा, हॉलंडचे पीटर सर तो बघणार, आणि त्यावर प्रमाणपत्र ठरणार. पाठ एकदाच. सर पुढच्या आठवड्यात विमानात बसणार होते. वैशाली पास झाली तर पुढच्या तुकडीला शिकवायला तिलाच घेणार, तेही कायमचं.

तिच्या जोडीला आली हाना. उंच, शांत, तिशीची पोरगी. त्यांना शाळा मिळाली नेसरीच्या पुढं एका वाडीवर, आणि ती वाडी माझं माहेर. राहायला माझ्या भावाचं घर. मग मला नेल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी वैशाली म्हणाली, "आई, एक ऐकायचं. तिथं कुणाला काही सांगायचं नाही. सरांना रोजचा वर्ग बघायचाय. हार नको, नारळ नको."

"मी कशाला सांगू? मला दुसरा धंदा न्हाय व्हय?" मी म्हटलं.

सकाळी स्टँडवर गेलो. सातची गाडी साडेसातला लागली. हाना घड्याळ बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. गाडी कागल, निपाणी करत गडहिंग्लजला जाते. तीन तास धरून चाला. खिडकीची जागा पाहुण्याला द्या, पण उजव्या बाजूची. डावीकडं सकाळचं ऊन लागतं. निपाणीला एक म्हातारा चढला, तंबाखूची पिशवी मांडीवर ठेवून हानाला नीट न्याहाळून झाल्यावर मला म्हणाला, "पावणं कुठलं म्हणायचं?"

"हॉलंडचं."

"तिकडं ऊस हाय का?"

"न्हाय. फुलं पिकवत्यात म्हणं."

"आणि खात्यात काय मग?" म्हाताऱ्यानं हानाकडं जरा काळजीनंच बघितलं आणि खिशातल्या शेंगा काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं टरफलासकट एक तोंडात घातली. म्हातारा म्हणाला, "उपाशीच हाय बिचारी."

गडहिंग्लजला उतरून भजी आणि चहा घेतला. चहा उकळता असतो, तो पाहुण्यांना चालतो. पाणी मात्र घरचं न्या. तिथनं पुढं वडाप. म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, माणशी दहा रुपये. सामान टपावर टाकतात, तेव्हा फुटण्यासारखं काही असेल तर मांडीवर घ्या. हानानं तक्त्यांची गुंडाळी नेसरीपर्यंत बाळासारखी धरली होती. ते मला आवडलं.

मिरचीचे दिवस होते. वाडीत शिरताना रस्त्याच्या कडेनं खळ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती. हाना वेशीपासून माझ्या भावाच्या दारापर्यंत शिंकत आली आणि प्रत्येक शिंकेला माफी मागत आली. माझ्या वयनीनं आधी तिला गुळाचा खडा दिला, मग पाणी. जेवायला पांढरा रस्सा केला होता, तांबडा आमच्यापुरता वेगळा. मीठभाकरीचं जाऊ द्या, पण ज्या घरी नेणार तिथं संडास आहे का, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं होतं.

दुपारनंतर दोघी शाळा बघायला गेल्या. बाकं कशी आहेत, तक्ते कुठं लागतील, मोजपट्ट्या किती आहेत. पाठ लांबी मोजण्याचा होता. कागदाच्या पट्ट्या कापून, तक्ते रंगवून सगळी तयारी केलेली. त्या तिकडं गेल्या आणि इकडं हेडगुरुजी चहाला आले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सरळ माणूस. म्हणाले, "आक्का, उद्या काय कार्यक्रम हाय म्हणं?"

याच शाळेतून मी तिसरीत बाहेर पडले. बापानं म्हशींमागं लावलं. त्याचं मी कधी रडगाणं गायलं नाही, म्हशीही कुणीतरी राखाव्या लागतात. पण त्याच शाळेत माझी सून परदेशी बाईच्या जोडीनं शिकवणार होती, आणि ते विचारणारा माणूस समोर बसला होता. माझं तोंड उघडलं.

"हॉलंडची माणसं येत्यात, गुरुजी. तशीच रिकाम्या हातानं पाठवशीला तर गावाचं नाक जाईल बघा."

गुरुजींनी चहा अर्धा टाकला आणि उठले.

सकाळी साडेदहाला शाळेत पोचलो तर मैदानात मांडव. लाऊडस्पीकर चाचणी घेत होता. वर्गातली बाकं सगळी बाहेर आणून गावकऱ्यांना बसायला लावलेली. पोरं जमिनीवर रांगेत. सरपंच कडक इस्त्रीत. पीटर सरांची गाडी पावणेअकराला आली ती फाटकातच अडवली, कारण लेझीम फाटकापासून सुरू होणार होतं. मग औक्षण. मग फेटे. सरांना, हानाला, वैशालीला, मला; गुरुजी घरनंच बांधून आलेले. मग शाल, श्रीफळ, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक. पाठ अकराला होता. बाराला सरांना आजऱ्याकडं दुसऱ्या जोडीचा पाठ बघायला निघायचं होतं.

अकरा पंचविसाला वैशाली माझ्याकडं वळली. "आई, तुम्ही सांगितलं?"

"व्हय."

भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. ती नुसती मांडीवरच्या श्रीफळाच्या शेंडीचा एक एक धागा उपटत राहिली. सात वर्षांचं सगळं त्या चाळीस मिनिटांत होतं आणि ती मिनिटं मी वाटून टाकली होती.

तेवढ्यात गुरुजी माइकवर म्हणाले, "आता सरपंच बोलतील. त्याआधी आपल्या माहेरवाशीण आक्का दोन शब्द बोलतील."

मी उठले. जन्मात माइक धरला नव्हता. म्हटलं, "ह्या मांडवाची खाज मला आलती. गुरुजींची चूक न्हाय, माझी हाय. ह्या पोरींचा आज पाठ हाय, त्यावर त्यांचा कागद ठरणार हाय, आणि सायबास्नी बाराला जायाचं हाय. तवा सत्कार बास. सरपंच, तुमचं भाषण जेवताना ऐकू."

सरपंच म्हणाले, "आक्का, मी अजून सुरूच केलं न्हाय."

"मग थांबायला सोपं जाईल."

मांडव हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी रात्र घालवून सगळं उभं केलं होतं, माझ्याच शब्दावर, आणि मीच त्यांच्या गावासमोर ते मोडलं. त्यांचं तोंड बघून मला पहिल्यांदा लाज वाटली.

पण पाठ घ्यायचा कुठं? वर्गात बाकं नाहीत. तक्ते लावायलाच दहा मिनिटं. दोघी डोकं जवळ घेऊन इंग्रजीत कुजबुजल्या. हानानं आपल्या फेट्याला हात लावला, काहीतरी विचारलं, आणि मागं लोंबणारी शेव ओढून फेटा सोडायला लागली.

मांडवात एकदम सगळं बंद पडलं. पाहुण्याच्या डोक्यावर गावानं बांधलेला फेटा पाहुण्यानं भर सभेत उतरवणं म्हणजे गावाचा मान पायात टाकणं. तिला बिचारीला काय ठाऊक? तिला फक्त लांब कापड दिसलं. वैशालीनं तिचा हात धरला आणि गुरुजींकडं बघितलं. आता गुरुजी उठून गेले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

गुरुजी उठले. दोन्ही हात डोक्याला लावून स्वतःचा फेटा उतरवला. "पावण्यांचा राहू द्या," म्हणाले, "माझा घ्या."

फेटा मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलगडला. एक टोक धरायला कुणी सापडेना तर पीटर सर जवळ होते, वैशालीनं ते त्यांच्या हातात दिलं. नुसतं बघायला आलेल्या माणसानं पेन खिशात ठेवून ते धरलं.

"हा किती हात आहे?" वैशालीनं विचारलं.

एका पोरीनं कोपरापासून मोजला. सव्वीस. दुसऱ्या पोरानं मोजला, चोवीस. सरपंचांना बोलावलं, त्यांचे अठरा भरले. मागनं कुणीतरी म्हणालं, "सरपंचांस्नी कमी दाखवायची सवयच हाय." पोरं एकमेकांवर तुटून पडली. तू चोरलास, तू ढिला धरलास.

"खोटं कोण बोलतंय?" वैशालीनं विचारलं. ती लगेच उत्तर सांगायला गेली, तेव्हा हानानं हळूच नको म्हणून मान हलवली. दोघी गप्प उभ्या. आम्ही कोल्हापूरची माणसं, आम्हाला अशी शांतता सोसत नाही; माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं होतं. मी पदर तोंडात धरला.

सव्वीसवाली पोरगी आपल्या हाताकडं आणि सरपंचांच्या हाताकडं बघत म्हणाली, "कुणीच खोटं न्हाय, बाई. हात येगळं हाईत."

"मग दुकानदारानं कुणाच्या हातानं मोजायचं?"

तिथनं पुढं काही सांगावं लागलं नाही. पोरंच वर्गात पळत जाऊन मीटरपट्टी घेऊन आली. नऊ मीटर भरला. सरपंचांनी मोजला तरी नऊच. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण पोरांना आवडलं.

सर सव्वाबाराला गेले. जाताना वैशालीशी बोलले. मी विचारलं, "काय म्हणालं?"

"कागदावर लिहिलेला पाठ हा नव्हता, म्हणाले. त्याचे गुण जातील."

"आणि?"

"आणि बाकीचं विद्यापीठात ठरेल."

दुपारी सरपंचांचं भाषण मी पूर्ण ऐकलं. शब्द दिला होता. नंतर फेट्याची घडी करून गुरुजींकडं नेली आणि म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात हे मी फार थोड्यांना म्हटलंय. ते म्हणाले, "आक्का, तुमचं तोंड म्हशीवाल्या पोरीचंच ऱ्हायलं. पण आज कामाला आलं."

परतीच्या गाडीत मी निपाणीपर्यंत अंग चोरून बसले होते. निपाणीला वैशालीनं खाली उतरून दोन कणसं आणली, त्यातलं कोवळं मला दिलं. तेव्हा मी जरा सैल बसले.

अडीच महिन्यांनी प्रमाणपत्र आलं, दोन शिक्क्यांचं. हानालाही मिळालं, तिचं पत्र आलं. आम्ही प्रमाणपत्राला काच लावली नाही, कपाटात नीट ठेवलंय. वैशाली आता दुसऱ्या तुकडीला शिकवते, आणि 'तात्पुरती' गेलं.

मी देवाधर्माचे आभार फारसे मानत नाही, माणसांचे मानते. ज्या गुरुजींचा मी पाणउतारा केला त्यांनी डोक्यावरचा फेटा दिला. वैशालीनं हात धरला तर हानानं ऐकलं, कारण विचारलं नाही. सरांनी नियम बाजूला ठेवून कापडाचं टोक धरलं. आणि सून मला अजून एकदाही "तुमच्यामुळं" असं म्हणालेली नाही. मी तिच्या जागी असते तर रोज म्हटलं असतं.

परवा तिनं दुसऱ्या तुकडीचं छापील वेळापत्रक आणलं आणि गावच्या भेटीच्या दिवसावर बोट ठेवलं. मी चष्मा लावून अक्षर लावत वाचलं. अकरा ते पावणेबारा, गावाकडून स्वागत. बारा वाजता पाठ.

"हे कुणी घातलं?"

"पीटर सरांनीच. चाचणीत कळलं म्हणे." मग म्हणाली, "यंदा येता का आई नेसरीला?"

"येते की. पण तोंड उघडणार न्हाय."

"उघडा," ती म्हणाली, "तुम्हाला पाऊण तास दिलाय."