राबाचा धूर

आमच्याकडे राब कसा भाजतात ते आधी सांगतो. शहरातल्या वाचकाला कंटाळा येईल, पण माझी चूक त्यातच आहे, त्यामुळे इलाज नाही.

शहापूरहून सापगाव ओलांडून आत गेलं की आमचं गाव. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो तुकडा पावसाआधी भाजून काढायचा, त्याला राब म्हणतात. खाली वाळलेलं शेण पसरायचं, वर ऐनाच्या झाडाच्या तोडून आणलेल्या फांद्या, त्यावर गवत नि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. माती अशासाठी की भडका उडू नये, सावकाश धुमसत राहावं. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. प्रत्येक घराचा राब वेगळा. त्यामुळे मे महिन्यात सकाळी टेकडीवर उभं राहिलं की खाली धुराच्या सुट्या सुट्या रेघा दिसतात, पांढऱ्या आणि सरळ. त्या बघून कोणाचा राब झाला नि कोणाचा राहिला ते मी लहानपणापासून सांगत आलो. माझं कधी चुकलं नव्हतं.

आमच्या आईची आणखी एक पद्धत होती. पेटवण्याआधी ती काठीनं राब चारही बाजूंनी बडवायची. आत सरडे असतात, उंदीर असतात, एखादी धामण असते, कधी लाव्याचं घरटं असतं. "निगा रे, भायेर निगा," असं ती त्यांना बजावायची. गाव हसायचं. म्हातारी सरड्यांना नोटीस देते म्हणायचं. आई कोणाचं ऐकणारी नव्हती. आत जीव असतो, इचारून घ्यावा, एवढंच तिचं उत्तर.

मी फौजेत होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमची तुकडी शांतिसेनेत गेली, आफ्रिकेतल्या एका देशात. देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नकाशा उघडून बसतात. डोक्यावर निळं हेल्मेट, गाड्यांना पांढरा रंग. सगळी नोकरी लपायला शिकण्यात गेली होती आणि इथं काम होतं ते सगळ्यांना दिसत राहायचं. आपण दिसलो की मारणारे हात आखडतील, असा हिशेब होता. कधी तो बरोबरही यायचा.

गावं सांभाळायची, पण गोळी अगदी शेवटी. रस्त्यावर गस्तीला जायचं तर त्या देशाच्या फौजेला आदल्या दिवशी कळवायचं, त्यांनी हो म्हटलं तर निघायचं. गावं कोण जाळतं असं गावकऱ्यांना विचारलं की त्यांचं बोट कधी बंडखोरांकडे जायचं, कधी त्याच फौजेकडे. म्हणजे चोराची परवानगी काढून राखण करायची. पहिला महिना आम्ही सगळे यावर भडकून असायचो. मग सवय झाली. हे तक्रार म्हणून सांगत नाही. सवय झाली, एवढंच.

आमच्याबरोबर तिथलाच एक दुभाषा होता. माझ्याच वयाचा. पूर्वी शाळेत शिकवायचा, शाळा बंद पडली तसा आमच्याकडे लागला. आधीच्या हिंदुस्थानी तुकड्यांकडून हिंदी शिकला होता, तीसुद्धा पंजाबी वळणाची. मला भाई म्हणायचा. त्याची आई छावणीपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या गावात एकटी राहायची. तिचे गुडघे गेलेले, चालवत नव्हतं. छावणीत यायला ती तयार नव्हती. ज्वारी कोण राखेल, हा तिचा प्रश्न. आमची दोघांची बोलणी शेतीचीच. मी त्याला राबाचं सांगितलं तेव्हा तो हसला. जमीन भाजून मग पेरता? मी म्हटलं, फोटो पाठवीन तुला. तो म्हणाला, बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

मे महिन्यातली सकाळ. तीनच दिवसांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला होता, आपला राब झाला, वरच्या आळीचे राहिलेत. मी पहाऱ्याच्या मनोऱ्यावर होतो. उत्तरेला झाडांच्या वर धूर दिसला. दुर्बीण लावली. झाडांमुळे गाव दिसत नव्हतं, फक्त धूर. पांढरा, सुटा सुटा, एकेक रेघ सरळ वर गेलेली. मला घर आठवलं. बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण त्या वेळी मला बरंच वाटलं होतं. समोरच्या रजिस्टरात मी लिहिलं, उत्तरेला धूर, शेतातली आग, नेहमीचं.

तेवढ्यात खालून हाक आली. दुभाषा उभा होता. तिथल्या माणसांना मनोऱ्यावर चढायची बंदी होती. असा नियम का, ते कोणी सांगितलं नव्हतं. तो खाली, मी वर, दुर्बीण माझ्याकडे. त्यानं कोणाची तरी मोटारसायकल मागून आणली होती. गावाकडे काहीतरी शिजतंय असं बाजारात बोलत होते, म्हणून त्याला आईला आणायचं होतं, ती नाही म्हणाली तरी उचलून. पण रस्त्यावर बंदूकवाल्यांची नाकी होती आणि एकट्या माणसाला तिथं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. आमच्या गस्तीला त्याच रस्त्याची परवानगी मिळाली होती, दुसऱ्या दिवसाची.

"भाई, धूर कसला आहे? आज एकटा जाऊ, की उद्या तुमच्याबरोबर?"

"उद्या चल," मी म्हणालो. "शेतं भाजतायत लोक. शेतकऱ्याचा पोर आहे मी, मला धूर कळतो."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि चहा प्यायला गेला.

दुपारी माणसं यायला लागली. आधी दहा-बारा, मग रस्ता भरून. बाया, मुलं, डोक्यावर चटया, एकीच्या हातात कोंबडी. फाटक बंद होतं. उघडायचं की नाही याचं उत्तर वरून यायचं होतं, आणि वरचे त्यांच्या वरच्यांना विचारत होते. आम्ही तारेच्या कुंपणावरून पाण्याच्या बाटल्या देत होतो. दुभाषा फाटकाशी उभा राहून एकेकाचं बोलणं आमच्या साहेबांना सांगत होता. आवाज वर्गात शिकवावं तसा, एका पट्टीत. ती म्हणते, पहाटेच आले. तो म्हणतो, गणवेशात होते, कोणाचा गणवेश ते कळलं नाही. ती म्हणते, पलीकडच्या टोकापासून घरं पेटवत आले.

एक म्हातारी बोलायला लागली. ती थांबल्यावर तो म्हणाला, "ती म्हणते, ज्यांना चालता येत नव्हतं ते आतच राहिले."

मग त्यानं तिला आपल्या भाषेत एक प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं, हातानं काहीतरी दाखवलं. ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. पुढच्या माणसाकडे वळला आणि पुन्हा सुरू केलं, तो म्हणतो, ती म्हणते. फाटक उघडायचा हुकूम ऊन उतरल्यावर आला, तोवर तो तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गस्तीला गेलो. परवानगी होती ना. तिकडची घरं गोल, गवताच्या छपराची, आणि एकमेकांपासून सुटी, प्रत्येकाला आपलं अंगण. म्हणून धूर सुटा होता. प्रत्येक रेघ म्हणजे एक घर. त्याच्या आईचं घर आमच्या बाजूच्या टोकाला होतं, सगळ्यात शेवटी. आग तिथं पोचायला दुपार झाली होती असं लोकांनी सांगितलं. मी वेळ मांडून बघितली. त्यानं मला विचारलं तेव्हापासून दुपारपर्यंत मोटारसायकल जाऊन दोनदा परत आली असती. वाटेत नाक्यावर त्याला मारलंही असतं, तेही खरं. पण ते ठरवायचं त्याच्याकडे होतं, ते मी माझ्याकडे घेतलं.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला हवं हे कळत होतं. पायाला मुंगी येऊन तो बधिर झाला की चिमटा काढून बघतो आपण, तसे मी स्वतःला चिमटे काढत होतो.

रजिस्टरचं मी साहेबांना आपणहून सांगितलं. त्यांनी पान वाचलं, मिटलं. म्हणाले, "तू घरं जळतायत असं लिहिलं असतंस तरी परवानगी उद्याचीच होती." माणूस चांगला होता, माझ्या भल्यासाठी बोलला, आणि बोलला ते खोटं नव्हतं. पण मोटारसायकलला परवानगी लागत नव्हती.

आठवड्यानं दुभाषा पुन्हा मनोऱ्याखाली आला. मी खाली उतरलो.

"तुमच्याकडे खरंच जाळतात शेत?" त्यानं विचारलं.

"खरंच."

"की मला थांबवायला म्हणालास?"

"नाही. खरंच जाळतात."

"पेरणी झाली होती आमची," तो म्हणाला. "पेरलेलं रान कोण भाजेल? मला माहीत होतं. पण तू वर होतास." मग म्हणाला, "फोटो पाठव."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आमची मुदत संपेपर्यंत तो माझ्याशी नीट वागला, भाईच म्हणत राहिला.

परत आलो तर गावानं शाळेत सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. गुरुजींनी मुलांना सांगितलं, हे जगात शांतता राखून आले. मुरबाडला सासुरवाडीतही शाल झाली. तिथं मेहुणा म्हणाला, "जावयानं आफ्रिकेत शांतता राखली, आता आमच्या बहिनीसमोर राखून दाखवा." सगळे हसले, मीही हसलो. घरी पदक आहे, कपाटात, शालींखाली.

राबाला मात्र मी हात लावला नाही. मे आला की मला मुरबाडचं काम निघायचं, नाहीतर शहापूरला तहसील कचेरीत. बायको म्हणायची, तुमचा कागद बरा दरवर्षी उन्हाळ्यातच अडकतो. राब भाऊच भाजायचा. आई गेल्यावर बडवायची पद्धतही गेली. फोटो मी पाठवला नाही. काढायलाच कधी गेलो नाही.

यंदा भाऊ मोटारसायकलवरून पडला, उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाला, "दादा, यंदा तुमीच लावा आग. मोठ्यानंच लावायची असते तशी." मी हो म्हटलं. सकाळी गेलो. राब त्यानं माणसं लावून रचून ठेवला होता. मी माझा फोन त्याच्या डाव्या हातात दिला आणि म्हटलं, सुरुवातीपासून व्हिडिओ काढ. त्याला गंमत वाटली.

कुंपणातली काठी उपसून मी राब बडवायला लागलो. एक बाजू झाली, दुसरी झाली. दोन सरडे निघाले. चारही बाजू झाल्या तसा मी पुन्हा पहिलीकडे आलो. वरची माती घसरायला लागली. किती वेळ बडवत होतो ते मला सांगता येणार नाही, पण व्हिडिओत आहे.

शेवटी भाऊ म्हणाला, "पुरं झालं, दादा. आत कोन नाय. पेटवा आता."

मी पेटवलं. धूर वर चढला, पांढरा, सरळ. घरी येऊन मी तो व्हिडिओ दुभाष्याच्या नंबरावर पाठवला. नंबर चालू आहे की नाही, माणूस आहे की नाही, काहीच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी उत्तर आलं. आधी एवढंच, "धूर बघितला. तसाच दिसतो." थोड्या वेळानं दुसरं, "काठीनं काय करतोस? मागचा माणूस काय म्हणतो?"

आमच्याकडे त्यानं हेच काम केलं, कोण काय म्हणतो ते दुसऱ्याला सांगायचं. आता माझी पाळी होती. पुरं झालं म्हणतो, असं लिहून भागलं असतं. तेवढं लिहिलंही होतं. मग खोडलं आणि सगळं लिहिलं. पेटवण्याआधी आत जीव आहे का ते बघतो आम्ही, माझी आई बघायची. तो माणूस माझा भाऊ. तो म्हणतो, आत कोणी नाही.

मग आलं, "चांगलं आहे, भाई. विचारून घ्यावं."

भाऊ ओट्यावर बसला होता. "कोनाचा मेसेज?"

"तिथला दोस्त आहे. त्याची आई वारली."

"अरेरे. कधी?"

"मी तिथं होतो तेव्हा."

"कशानं?"

ओट्यावरून राब दिसत होता. अजून धुमसत होता. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि घरातल्या कोणाला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

"धूर दिसला होता मला," मी म्हणालो. "मी त्याला सांगितलं, राब भाजतायत."