बाक आमच्या हक्काचं

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या भर मॉलमध्ये, नूतनीकरणाच्या कामाभोवती घातलेल्या कुंपणावर, माझ्या आईचा फोटो बरेच महिने लागलेला होता. माणसाच्या दुप्पट उंचीचा. हात वर, मूठ आवळलेली, तोंड उघडं, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, की आपलं शहर पुन्हा जिवंत होतंय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, काय उत्साही आजी आहे. आजी घोषणा देत होती, आणि तीही ह्याच कामाच्या विरोधात. हे कसं झालं ते मी सांगणार आहे, कारण माझा नवरा हा किस्सा प्रत्येक पार्टीत सांगतो आणि दर वेळी चुकीचा सांगतो.

बाबा गेले आणि मी आईला कराडहून इकडे घेऊन आले. तिने इथेच राहावं, अशी माझी इच्छा होती. इच्छा कसली, मी हट्टालाच पेटले होते. तिकडे फ्लॅटमध्ये ती एकटी आणि इकडे मी पोर्ट केंब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात, हेल्मेट घालून, खिशातला फोन वाजतोय का म्हणून कान टवकारून, हे मला झेपणारं नव्हतं. आईचं मात्र एकच पालुपद होतं. सकाळी चहा पिताना म्हणायची, "तिकीट बघ." रात्री भांडी पुसताना म्हणायची, "बघितलंस का तिकीट?"

तिचंही चुकत नव्हतं. आमचं घर फिगट्रीला, डोंगराच्या पायथ्याशी. दिवसा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. म्हणजे पाखरं असतात, चांगले धष्टपुष्ट पांढरे काकाकुवे असतात आणि ते बिनची झाकणं उघडून कचरा रस्ताभर करतात, पण माणूस दिसत नाही. आईने पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले आणि दुसऱ्या महिन्यात तेच परत घासले. नात शाळेतून आली की "हाय आजी, आय'म सो टायर्ड" म्हणून खोलीत गडप. आईची उभी हयात नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर गेलेली. लोक तावातावाने अर्ज घेऊन यायचे, आई शिक्का मारून पोच द्यायची आणि "पुढचा" म्हणायची. समोर कुणी भांडायला नसेल तर ह्या बाईला दिवस उगवल्यासारखाच वाटत नाही.

म्हणून मी दुपारच्या शिफ्टला जाताना तिला गावात सोडायला लागले. पाचला नवरा न्यायला यायचा. इथला मॉल म्हणजे आपल्याकडचा एसी मॉल नव्हे, गाड्या बंद केलेला बाजाररस्ता आहे. पूर्वी म्हणे तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही आलो तोवर निम्म्या दुकानांवर भाड्याने देण्याच्या पाट्या होत्या, आणि पाच वाजले की उरलेलेही शटर ओढून मोकळे व्हायचे. बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानासमोर एक जुनं लाकडी बाक होतं, पाठीचं. त्या बाकावर आईला विहीणबाई भेटल्या.

विहीणबाई म्हणजे एक मॅसेडोनियन आजी. काळा स्वेटर, काळे मोजे, हातात कायम पिशवी. त्यांचे यजमान पूर्वी माझ्याच कारखान्यात होते, आता हयात नाहीत. हे कळल्यावर आईने ठरवूनच टाकलं. "त्यांच्या घरचा कारखाना आणि आपली मुलगी तिथे. म्हणजे मुलगी त्यांच्या घरी दिल्यासारखीच की. विहीणबाईच त्या." आईचं इंग्रजी टेबलापुरतं, विहीणबाईंचं दुकानापुरतं. त्यामुळे आई मराठीत बोलायची, त्या मॅसेडोनियनमध्ये बोलायच्या, आणि दोघी एकमेकींना मध्येच थांबवून हरकत घ्यायच्या. मला वाटायचं, वेळ जातोय म्हातारीचा, जाऊ दे. मग एके दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी स्वतः न्यायला गेले, तर विहीणबाईंनी मला वरून खाली न्याहाळलं आणि माझ्या नवऱ्याची नक्कल करून दाखवली. पाय समोर पसरलेले, मान खाली, एका अंगठ्याने फोन. हुबेहूब. म्हणजे आमच्या घरातलं सगळं तिकडे पोचलेलं होतं.

मी घरी येऊन आईवर जरा डाफरले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत तिकिटाचं नाव निघालेलं नाही.

आणि तेवढ्यात कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पाटी लागली. शहराच्या हृदयात पुन्हा प्राण फुंकू या, अशा काहीशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं. मी आईला भाषांतर करून सांगितलं.

"प्राण फुंकू या?" आई म्हणाली. "मग आम्ही रोज काय मसणात बसतोय?"

पाटीवर नव्या मॉलचं चित्र होतं. झाडं, दिवे, हातात कॉफी घेतलेली सडपातळ माणसं. म्हातारं कुणी नव्हतं. जुनं बाक होतं तिथे आता लाकडी पायऱ्या होणार होत्या, तरुणांनी लॅपटॉप घेऊन पसरायला. आईने चित्राला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला पाठ नाही." मी म्हटलं, अगं नुसतं चित्र आहे. ती म्हणाली, "पालिकेत आधी चित्रच येतं."

शनिवारी कौन्सिलने मॉलमध्ये तंबू ठोकला, लोकांचं म्हणणं ऐकायला. आईच्या भाषेत सुनावणी. ती इस्त्रीची साडी, त्यावर स्वेटर, खाली स्नीकर्स अशी तयार झाली, विहीणबाईंना बरोबर घेतलं आणि मला दुभाषी म्हणून दटावून नेलं. गाडीत मला सूचना चालू होत्या. आधी आवाज चढवायचा. मग टेबलावर हात आपटायचा. ते चहा मागवतील, तो आधी नको म्हणायचा. मग आश्वासन देतील, ते घ्यायचं, पण लेखी. आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

तंबूत एक चुणचुणीत पोरगी होती, कानात केळ्याच्या आकाराचे डूल. आईने आवाज चढवला. मी भाषांतर केलं, जरा पाणी घालूनच. पोरगी म्हणाली, "ओह, आय लव्ह दॅट!" तिने ते पिवळ्या कागदावर लिहून फळ्यावर चिकटवलं. आईने टेबलावर हात आपटला. पोरीने तिला हिरव्या टिकल्यांचा कागद दिला आणि म्हणाली, नकाशावर आवडत्या जागी लावा. आईने सगळ्या टिकल्या एकाच बाकावर लावल्या, एकावर एक. विहीणबाईंनी आपल्याही तिथेच लावल्या. पोरगी म्हणाली, अमेझिंग. मग पोच मागितली, तर तिने आईच्या साडीवर एक बिल्ला लावला. त्यावर लिहिलेलं, मी माझं मत दिलं. बाहेर सॉसेज सँडविच वाटत होते. आईने त्यातला सॉसेज नको म्हणून सांगितलं, तर त्या भल्या माणसाने पावात नुसता परतलेला कांदा घालून दिला.

आई पाव हातात धरून बाकावर बसली. खरोखर हादरली होती.

"अगं, ही भांडतच नाही," ती म्हणाली. "ह्यांच्याशी करायचं तरी काय?"

पुढच्या आठवड्यात बाक काढणार अशी सूचना खांबावर लागली, आणि आईने ठिय्या जाहीर केला. त्या आठवड्यात मी सकाळच्या शिफ्टवर होते. म्हणजे जे घडलं ते मी नंतर नवऱ्याकडून ऐकलं, आणि तो मोक्याच्या वेळी कॉफी आणायला गेला होता. पण एवढं नक्की, की आई आणि विहीणबाई सकाळपासून बाकावर ठाण मांडून होत्या. आईने घोषणाही शिकवली होती. आई म्हणायची, "बाक आमच्या," आणि विहीणबाई मूठ वर करून म्हणायच्या, "हक्काचं!" मग पुन्हा आई, "नाही कुणाच्या," आणि विहीणबाई, "बापाचं!" मॅसेडोनियनमध्ये ह्याचा अर्थ काय होत असेल देव जाणे, पण आवाज खणखणीत होता. लोक थांबले, टाळ्या वाजवायला लागले. डूलवाली पोरगी फोटोग्राफरला घेऊन धावत आली आणि विचारलं, फोटो घेतला तर चालेल का, वापरू का. ठिय्याचा फोटो पेपरात येतो, हे आईला ठाऊक. ती म्हणाली, "टेक, टेक. फॉर रेकॉर्ड." बाकसुद्धा फोटोत आलं पाहिजे, असं तिने त्याला खुणेने दोनदा बजावलं.

कामगारही आले होते. ते चमकत्या पट्ट्यांची हायव्हिज जाकिटं घालून बाजूला उभे राहिले. त्यांचा मुकादम आईला म्हणाला, "नो वरीज, लव्ह. टेक युअर टाइम." आईला वाटलं, माघार घेतली. चार वाजता दोघी चहाला गेल्या. परत येतात तर बाक नाही. जमिनीत फक्त बोल्टची भोकं, आणि त्यांच्यावर कुणी ठेचकाळू नये म्हणून व्यवस्थित लावलेला नारिंगी शंकू.

आई घरी आली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तिकीट बघ."

मी समजावलं, चिडले, लायब्ररीत कशी छान सोफ्याची सोय आहे ते सांगितलं. तिने एकच विचारलं. "तिथे बोलू देतात का?" नवरा म्हणाला, "आई, तुम्ही जरा थांबा, उन्हाळा येऊ दे." आई त्याच्याशी नेहमीप्रमाणे फार अदबीने बोलली आणि ऐकलं काहीच नाही. मग मी लॅपटॉप उघडला. तारखा घातल्या. सिडनी ते मुंबई, एकेरी. "एकेरी" वर क्लिक करताना मला इतका राग आला, की मी लॅपटॉप बंद करून अंगणात गेले आणि बिनपाशी बसलेल्या काकाकुव्याला मराठीत झाडलं.

काही दिवसांनी सकाळची शिफ्ट संपवून मी औषधं घ्यायला मॉलमध्ये गेले आणि ते पोस्टर समोर आलं. मी बूट, हायव्हिज, तोंडावर कारखान्याची धूळ, तशीच उभी राहिले. आधी हसूच फुटलं. मग नीट बघितलं. आई घोषणा देत होती खरी, पण तिची नजर बाजूला विहीणबाईंकडे होती आणि ती हसत होती. डोळे बारीक, पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसतेय, असं. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलेलं नव्हतं. मी तिला घर दिलं, गरम पाणी दिलं, नवी गादी दिली, आणि हे हसू त्या फुटक्या बाकावर आलं होतं. मला भर रस्त्यात रडू आलं, आणि लोक आपले माझ्या बाजूने वळसा घालून जात होते.

कुणीतरी माझी बाही ओढली. विहीणबाई होत्या. इथले लोक समुद्रावर नेतात तशा घडीच्या दोन खुर्च्या त्यांनी पोस्टरसमोर मांडलेल्या होत्या. एकीवर त्यांची पिशवी, दुसरी रिकामी. त्यांनी पोस्टरमधल्या आईकडे बोट दाखवलं, मग रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग मला झाडायला सुरुवात केली. मॅसेडोनियनमधला एक शब्द मला येत नाही. सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला तिथे आणून उभं केलं. तिने पोस्टर बराच वेळ पाहिलं. "स्वेटरचं बटण चुकलंय," ती म्हणाली. मग खालची ओळ मी वाचून दाखवली, तशी तिचा पारा चढला. तिच्या आंदोलनाचा फोटो आणि पालिकेची जाहिरात? तंबू अजून तिथेच होता. ती तडक त्या डूलवाल्या पोरीसमोर जाऊन उभी राहिली, मी मागून. पोरगी तिला बघून एवढी खूष झाली, की तिने मिठीच मारली. मग म्हणाली, तुमच्या सगळ्या हिरव्या टिकल्यांमुळे बसायच्या जागेचा पुन्हा विचार चाललाय, निर्णय व्हायला वेळ लागेल.

आई एकदम शांत झाली. "म्हणजे प्रकरण विचाराधीन आहे?" तिने मला विचारलं. मी पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, अ‍ॅब्सोल्यूटली.

गाडीत आई म्हणाली, "तिकीट काढलंस का?"

"बघत होते."

"मग राहू दे. हरकत दाखल आहे. हरकतदार गाव सोडून गेला की फाइल बंद करतात. मी स्वतः किती केल्यात."

मी "बरं" म्हणाले आणि आरशात न बघता गाडी मागे घेतली.

कौन्सिलने त्यानंतर जो वेळ लावला, त्यासाठी मी त्यांना मनापासून दुवा दिला. दोघी त्या खुर्च्यांवर, आपल्याच फोटोखाली बसायच्या. मॉल खणला गेला, झाडं आली, बंद दुकानांत एक डंपलिंगवाला आणि दोन कॉफीवाले आले, आईने सगळ्यांवर देखरेख ठेवली. आणि एक दिवस कुंपण निघालं, पोस्टर गुंडाळून नेलं आणि पायऱ्यांच्या शेजारी नवं कोरं बाक दिसलं. पाठीचं.

आम्ही तिघी गेलो. विहीणबाई बसल्या. आई बसली. पाठ टेकली, पाय जमिनीला टेकतात का पाहिलं. टेकत होते. प्रकरण निकाली निघालं होतं, तेही तिच्या बाजूने. आता ती काय म्हणणार ते मला ऐकू यायला लागलं होतं.

आई उठायला गेली, अर्धवट उठली आणि परत बसली. बाकाच्या कडेवरून हात फिरवला. विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी मान हलवली.

"उठताना धरायला हात नाहीत ह्याला," आई म्हणाली. "काढ तुझा फोन. लिही. हरकत, दुसरी."

मी लिहून घेतली.