गुरुजींच्या कार्डावर नसलेलं वाक्य

ते वाक्य मी घातलं होतं. लेखावर नाव गुरुजींचं, वाक्य माझं, आणि गुरुजींनी विचारल्यावरही तीन आठवडे मी हे कुणालाच सांगितलं नाही.

गुरुजी ईट गावचे, निवृत्त शाळामास्तर. सोलापूरला एका पाद्र्यांकडं रविवारी जाऊन ते हिब्रू शिकले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी कार्डं केली होती, हिब्रू क्रियापदाच्या एका धातूला एक. पुस्तकात सापडलेलं शाईनं लिहायचं, स्वतःचा तर्क पेन्सिलीनं. परंड्याच्या आमच्या कॉलेजचा अंक मी काढतो; त्यासाठी ‘शूव’ या धातूचं कार्ड मागून आणलं आणि त्यावरून गुरुजींच्या नावानं लेख तयार केला. शूव म्हणजे मागं फिरणं. हरवलेला बैल मालकाला परत नेऊन देणं याच धातूनं सांगतात, चुकलेल्यानं देवाकडं वळणंही. आपल्याकडं अरबीतून आलेला ‘तोबा’ याच गोतावळ्यातला. शेवटी शाईनं लिहिलं होतं: मुळात कशावरून आला, माहीत नाही.

मला ते अर्धवट वाटलं. बांधाशी नांगर वळवणं हा त्याचा पहिला अर्थ, असं मी ठोकून दिलं. शेतकऱ्यांच्या पोरांना आवडेल, एवढाच विचार. आवडलंही. पण पुण्याच्या एका अभ्यासकानं गुरुजींना पत्र लिहून आधार विचारला.

गुरुजींचा फोन आला. “सर, नांगराचं कुठं वाचलं हो म्या? समदी पुस्तकं पालथी घातली. तुमच्याजवळचं कार्ड बघा की जरा.”

कार्ड माझ्यासमोर टेबलावर होतं. मी म्हणालो, “कुठं ठेवलंय, सापडत नाही. बघतो.”

“बघा. पोरगा म्हणतोय, आबा, आता तुमचं डोस्कं निवृत्त झालं.” ते हसले. मला हसता आलं नाही.

फोननंतर तीन आठवड्यांनी ईटला गेलो. गुरुजी कार्डांचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते.

“हे काय, गुरुजी?”

“आवरतोय. आपलंच लिहिलेलं आठवंना, तर दुसऱ्याला काय सांगायचं? लई झालं.”

त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला. मी कपाला हात लावला नाही. कार्ड खिशातून काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

“गुरुजी, नांगराचं तुम्ही लिहिलंच नव्हतं. मी घातलं, मनानं. कार्ड सापडत नाही म्हणालो, तेही खोटं. तुम्ही काही विसरला नाहीत. पुण्याच्या पत्राला मी माझ्या नावानं उत्तर लिहितो. पुढच्या अंकातही छापतो. मला माफ करा.”