साळवे मामा आणि प्रेसमागची ट्रॉली

साळवे मामा गेले. आज सकाळी.

मला भर गेटसभेत खाली बसवणारा वाळूजमधला एकमेव माणूस.

आमच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात त्या खात्यात, मशीनला सेन्सर बसले तेव्हाची गोष्ट. तोवर किती पीस निघाले ते ऑपरेटर कागदावर लिहायचा आणि ऑफिसात कोणीतरी ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं. आता मशीनचा आकडा थेट ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार होता.

पहिल्याच आठवड्यात आमचा ऑपरेटर रफिक अडकला. कागद अजून चालूच होता. मशीनवर पीस जास्त, त्याच्या कागदावर कमी.

मॅनेजर म्हणाला, "बाकीचे कुठे विकले?"

चार्जशीट तयार.

रफिक रडकुंडीला आला. "मामा, अल्ला कसम, एक पीस भी गेट के बाहर नै गया."

खरंच नव्हता गेला. चांगल्या दिवशी जास्तीचे पीस प्रेसमागच्या ट्रॉलीत राखायचे आणि पत्रा उशिरा आला त्या दिवशी दाखवायचे, ही आमची सगळ्यांचीच जुनी रीत. पण सांगणार कोण? सांगितलं की सगळेच अडकणार.

मी गेटवर उभा राहिलो आणि पेटलो. कामगाराच्या घामावर पहारा! उखडून फेका ते सेन्सर! टाळ्या पडत होत्या.

मामा मधूनच उठले.

"ओ लीडर, बसा खाली. लई झालं. सेन्सर उपटून रफिकची नोकरी वाचती व्हय?"

मी बसलो. खरंच बसलो.

मामांनी मॅनेजरला हाताला धरून ट्रॉलीपाशी नेलं. "मोजा. यात माझे बी हायेत. चार्जशीट द्यायची तर पहिली माझ्या नावाची काढा."

रिटायरमेंटला सहा महिने राहिले होते त्यांच्या.

"पण असं करता कशाला?" मॅनेजरने विचारलं.

"साहेब, मशीन थांबलं हे तुमच्या कॉम्प्युटरला कळतं. का थांबलं, ते कळतं का? पत्रा नाय आला तरी कामचोर आम्हीच. कारण सांगायला जागा द्या, ट्रॉली उद्याच रिकामी करतो."

चार्जशीट मागे घेतली गेली.

प्रत्येक प्रेसजवळ स्क्रीन लागली. त्यावर कारणं: पत्रा नाही, डाय म्हणजे साचा खराब, क्रेन नाही. मशीन थांबलं की ऑपरेटरने त्यावर बोट ठेवायचं, आणि आकड्यासोबत ते कारणही ऑफिसात जायचं. महिनाभरात सगळ्यांना दिसलं, सर्वांत जास्त वेळ पत्र्याची वाट बघण्यात जात होता. मग पळापळ ऑफिसची! पत्रा पुरवणारे स्टोअरवाले मामांना बघून रस्ता बदलायचे.

माझ्या घरी कामगार चळवळीवरची दोन फळ्या पुस्तकं आहेत. यंत्र फोडायचं नाही, त्याच्या तोंडून आपलं म्हणणं वदवायचं, हे मला त्यातल्या एकातही सापडलं नव्हतं.

नंतर कितीतरी सभांत मी हाच मुद्दा ठणकावून मांडला. माझाच असल्यासारखा.

मामा पहिल्या रांगेत असायचे. गालात हसायचे. टाळ्या वाजवायचे.

एकदाही म्हणाले नाहीत, "लीडर, हे माझं हाय."

रफिक सकाळपासून त्यांच्या दारात बसून आहे. मी तिकडेच निघालोय.

मामा, तो मुद्दा तुमचा होता. आज सगळ्यांसमोर सांगतो. उशीर झाला, माफ करा.

अखेरचा जय भीम.